वाळूत पडलेला ग्लास

लेअर,
१२ ऑक्टोबर १९९६

प्रिय हार्मदादा,

सप्रेम नमस्कार. आम्ही इकडे बरे आहोत. माझी कंबर अजून धरलेलीच आहे, डॉक्टरांनी चहात खडीसाखर घालायला बंदी केली आहे आणि मी ती पाळत नाही. तुझं कसं चाललंय हे विचारत नाही, कारण फोल्केवहिनी बहिणीकडे जाऊन राहिल्यात हे साऱ्या गावाला ठाऊक आहे.

आधी तुझ्यावरचा राग काढून घेतो. शेतात चार पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि तुझी मान ताठ झाली ती झालीच. वारा काय तू पेरलास? बाबांचं शेत थोरल्याला मिळालं, हातोडा धाकट्याला; ती इथली रीतच आहे, तक्रार नाही. पण वारा दोघांच्याही टोप्या सारख्याच उडवतो आणि विजेचे पैसे मात्र तुझ्याच खिशात पडतात. त्या पैशांचं तू केलंस काय, तर दोन माणसांसाठी बारा खिडक्यांचं घर. त्या खिडक्या पुसणार कोण, हे वहिनींना विचारलं होतंस?

छपराचा सांगाडा उभा राहिला की सुताराने वर चढून कवन म्हणायचं, घोट घ्यायचा आणि ग्लास खाली फेकून फोडायचा; फुटला नाही तर घराला अपशकुन. तीस वर्षं मी हेच करतोय. मालकाची थोडी टिंगल करायची, तेही रीतीचंच. तुझ्या नव्या घरावर चढून म्हटलेलं, तुला झोंबलेलं कवन पुन्हा लिहितो, कारण त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही:

छत गेलं आभाळापाशी, खिडक्या झाल्या बारा,
विकलास तो विकलास, आता अडवलास की वारा.
संगमरवरी जिना चढून कुठे जाशील दादा?
वरच्या मजल्यावरही माणूस घोरतो तसाच साधा.

लोक पोट धरून हसले. तूही हसलास आणि खालून ओरडलास, "बोल बाबा, बोल. तू दिवसभर ठोकाठोक करतोस तेव्हा तुझं पोट भरतं. मी नुसता झोपलो तरी माझं मीटर फिरतं." त्यावर लोक आणखी हसले. माझ्या कवनापेक्षा जास्त.

मग मी ग्लास फेकला आणि तो फुटला नाही. वाळूच्या ढिगात पडला, अख्खाच्या अख्खा. वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. शेजारची वुब्के म्हणाली, "अगं, वाळूनं झेलला, त्यात काय एवढं?" पण वहिनींनी तिथेच सांगून टाकलं, "जिथे ग्लास फुटला नाही, त्या घरात मी राहायला यायची नाही." तू म्हणालास, "खुळ्यासारखं बोलू नकोस." तिथून सगळं बिघडलं. त्यांच्या माहेरच्या घराचाही ग्लास फुटला नव्हता, आणि त्या घरातली पुढे कोण कोण गेली ते तुला ठाऊक आहे. त्यांना चारचौघांत खुळी म्हणायला नको होतंस.

आता नवं घर बांधून झालंय आणि जुनं घर महिनाअखेर नव्या मालकाच्या ताब्यात द्यायचं आहे. वहिनी येत नाहीत आणि तू हट्टाने बोलवायला जात नाहीस. गावात लोक मला विचारतात, "ओन्नो, हात घसरला का रे?" मी म्हणतो, "वय झालं."

दादा, हात घसरला नव्हता. खाली विटांचा ढीग होता. मी नेहमी तसल्या ढिगावरच फेकतो. त्या दिवशी विटांवरून नजर काढली, वाळू पाहिली आणि नेम धरून फेकला. तीस वर्षांत पहिल्यांदाच. तुझ्या मीटरवर लोक हसत होते, आणि एवढ्या मोठ्या घराला एक तरी खोट राहावी असं मला वाटलं. वहिनींचा विचार मनात आलाच नाही. मी तुला गर्विष्ठ म्हणतो. पण माझ्या चार ओळींना हशा कमी पडला म्हणून मी एका बाईचं घर मोडायला निघालो. तुझ्या गर्वाला निदान बारा खिडक्या तरी आहेत.

हे पत्र वहिनींना वाचून दाखव. अपशकुन वगैरे काही नाही, दिराचा नालायकपणा आहे, असं स्पष्ट सांग. त्या राहायला येतील. मग त्या घरात मला कुणी जेवायला बोलावणार नाही, तेही कळतं. म्हणून तर हे लिहायला दोन आठवडे लागले.

छपरात मात्र कुठेही हयगय केलेली नाही. ते गळणार नाही.

तुमच्या दारात पाऊल न ठेवणारा,
तुझा भाऊ
ओन्नो