सतरा नंबरची टाकी

जासई, ता. उरण
१२ फेब्रुवारी २०२६

ती. रावजीमामांना प्राप्तीचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. मामीचे गुडघे कसे आहेत? तेल संपलं असेल तर कळवा.

"ही टाकी तू कधी तपासलीस?" असं काल जपानच्या बाईंनी मला विचारलं.  उत्तर द्यायचं सोडून फोनवर मी तुमच्यावर नुसती ओरडले. म्हणून आज लिहिते आहे. लिहिताना ओरडता येत नाही.

काय झालं ते नीट सांगते. तुम्हा मिस्त्री लोकांकडून जुन्या फ्रीज-एसीतला गॅस आमच्या शेडमध्ये येतो. लहान टाक्यांतून तो पंपाने मोठ्या टाकीत भरतात. मग न्हावा शेव्याहून जहाजाने जपानला, तिथल्या भट्टीत कायमचा जाळायला. या खेपेला नेपाळ आणि श्रीलंकेचा गॅसही आपल्याबरोबर जाणार होता. एकेकट्याला झेपत नाही म्हणून तिघांनी मिळून दोन वर्षं जमवला होता.

काल आमचा पंपवाला कुलदीप सतरा नंबरची टाकी पंपाला जोडत होता. जपानहून आलेल्या ओकाबेबाई म्हणाल्या, थांब, एकदा परत तपासू. यंत्राची नळी लावली आणि ते किंचाळायलाच लागलं. आत पेट घेणारा गॅस होता. शंभरात अडतीस भाग! दहा पावलांवर दाराचं वेल्डिंग चालू होतं. बाईंनी ते थांबवलं आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं.

"काय मॅडम, टाकीवर चहा ठेवायचा होता काय?" कुलदीप हसत म्हणाला. पण बोलता बोलता तो फाटकापर्यंत मागे सरकला होता. त्याचं त्याला कळत नव्हतं.

नंतर मी लेबल वाचलं. गाव बोर्ली पंचतन. नाव तुमचं, अक्षर माझं.  बाईंनी तेव्हाच तो प्रश्न विचारला आणि मी तुम्हाला फोन लावला, मामा.

तुम्ही फोनवर म्हणालात, "अगं, टाकी अर्धीच झाली व्हती. लोकाचं भांडं रिकामं परत धाडतात व्हय? तू येनार म्हनून घरचा शेगडीचा गॅस घातला वरून. गॅस तो गॅस!"

मामी शेजारचं पातेलं परत देताना त्यात मूठभर तांदूळ नाहीतर चार आमसुलं टाकते. तुम्ही तेच केलंत. मला ते समजतं. ओकाबेबाईंना कसं समजावू?

लहानपणी तुम्ही फ्रीजची नळी सोडायचात आणि मी तळहात पुढे धरायचे. हात पांढरा, गार व्हायचा. मला वाटायचं, माझा मामा बर्फ करतो. तोच गॅस आभाळाची चाळण करतो आणि ऊन वाढवतो, हे कॉलेजात कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. मग मीच तुमच्या मागे लागले, आता सोडायचा नाही, साठवायचा. आणि तुम्ही भाचीचं ऐकलंत. माझ्याच वर्गात प्रशिक्षण घेतलंत, प्रमाणपत्र पालीच्या गणपतीच्या तसबिरीशेजारी लावलंत. माझ्या पदवीनंतर आपल्या घरातलं दुसरं.

आता जे फोनवर बोलले नाही ते.

टाकी घ्यायला आले तेव्हा यंत्र माझ्या पिशवीत होतं. मी ते बाहेरच काढलं नाही. ओटीवर बसून मामीच्या हातची घावनं खाल्ली आणि खाता खाता कागदावर 'पेटणारा गॅस' या रकान्यात शून्य लिहिलं. मामाच्या टाकीला नळी लावायची म्हणजे मामाला खोटं ठरवायचं, असं मला वाटलं. दिघीच्या परेश मिस्त्रीची टाकी मात्र मी दोनदा तपासली होती. तो म्हणालाही, "मामाची पन अशीच तपासतेस ना गं ताई?"

मी हो म्हणाले होते.

तुम्हाला कोणी शिकवलं नाही म्हणून चुकलात म्हणावं, तर शिकवणारी मीच. मला तर सगळं ठाऊक होतं. कुलदीप त्या शून्यावर विश्वास ठेवून उभा होता.

आमचे दत्तात्रेयसाहेब म्हणाले, "लेबल गळून पडलं होतं असं लिही. मामाचं प्रमाणपत्र राहील, तुझी नोकरीपण." ते मनाने वाईट नाहीत. खरं सांगते, मी लेबलाचा एक कोपरा नखाने उचललाही होता. तो परत दाबून बसवला.

आज सकाळी दहा वाजता मी अहवाल पाठवला. टाकी कोणाची, त्यात काय घातलं आणि का घातलं, हे तुमच्याच शब्दांत लिहिलं आहे. त्याच्या वर, पहिल्याच ओळीत, न तपासता शून्य लिहिणारीचं नाव आहे. माझ्या सहीच्या सगळ्या एकतीस टाक्या परत तपासायला काढल्या आहेत. जहाज आपला गॅस न घेताच गेलं.

प्रमाणपत्राबद्दल विचारायला कोणी आलं तर मामीला पुढे करू नका. तुम्हीच बोला, आणि मला सांगितलंत तसंच सांगा.

तुमची भाची आणि त्या शून्याखालची सही,
प्राप्ती