उजव्या अंगठ्याचं नख

शनिवार, १४ मार्च

चि. धाकटीस ताईचे आशीर्वाद.

देवाच्या कृपेने आम्ही बरे आहोत. ह्यांचा खोकला गेला. तुझ्या दोन्ही बाटल्या मी ब्रश निथळून, पुरवून वापरते. पायाच्या उजव्या अंगठ्याला 'अ', डाव्याला 'ब'; एकीत औषध, एकीत नुसतं पॉलिश. दर रविवारी जुना थर स्पिरिटने पुसायचा, नख कानशीने घासायचं, पट्टीने मोजायचं. वीस आठवड्यांत एकही खाडा नाही.

मासिकातला तुझा फोटो ह्यांनी शेजारीपाजारी दाखवला. "नखाच्या बुरशीवर औषधी नेलपॉलिश तयार करतेय आमची मेहुणी! डोकं लागतं त्याला."

मी म्हटलं, "चहा निवतोय."

मॅट्रिकला रसायनशास्त्रात मला तुझ्यापेक्षा सात गुण जास्त होते. तुला आठवत नसेल. आई अंथरुणाला खिळली, तेव्हा घर माझ्याकडे आलं आणि पुढे कॉलेजचा फॉर्म तुझ्याकडे. समीकरणं जुळवायला तुला मीच शिकवलं, भांडी घासता घासता.

तू लिहिलंस, "ताई, बाटल्या दिलेल्या बाकीच्यांनी मध्येच खाडे केले. भरवशाच्या नोंदी तुझ्या एकटीच्या, आणि त्यातही दोन्ही नखं सारखीच. सोमवारच्या बैठकीत हे मिश्रण सोडून देतील. चार वर्षं पाण्यात." तेव्हापासून जपाला बसते, पण नुसते ओठ हलतात.

धाकटे, नखं सारखी नाहीत. डावं दीड मिलिमीटर स्वच्छ आलंय, उजवं सात. गुलाबी, तान्ह्या बाळाच्या नखासारखं. पहिल्यांदा दिसलं तेव्हा हरखले, आणि दुसऱ्याच क्षणी मनात आलं, हेही हिलाच जमलं! तू दिलेल्या महिन्याच्या तक्त्यावर लिहिलं, 'फरक नाही.' मग दर महिन्याला तेच.

माझ्या घरखर्चाच्या वहीत मात्र खोटं लिहायला हात धजला नाही. दर रविवारी किराण्याच्या खाली खरा आकडा आहे. ती अख्खी वहीच पाठवतेय. साबण, रॉकेल, सगळं वाचू देत तुझे साहेब. आकडे मागाहून घुसडलेले नाहीत एवढं तरी कळेल. हे उद्या स्वतः आणून देतील. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

बैठकीत सरळ सांग, बहिणीने जळून खोटं लिहिलं. मला पाठीशी घालू नकोस.

'अ' बाटली तळाला गेलीय, आणि नख अजून अर्धं राहिलंय. मन झालं तरच दुसरी दे.

सात गुण अजून न विसरलेली,
तुझी ताई