जुने चेंबर जमा करण्यास अकरा दिवसांची मुदत मिळणेबाबत

प्रति,
मा. उपअभियंता (यांत्रिकी) साहेब,
शिवना खोरे टंचाई पाणीपुरवठा प्रकल्प,
वाहन उपविभाग, औरंगाबाद.

विषय : टँकरच्या गिअरबॉक्सचे जुने चेंबर कोंबडी उठेपर्यंत आहे त्या जागी राहू देणेबाबत व तोवर गाडी सोडणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस क्र. ४१२, दि. ६ मे १९८७ (मला पोचली दि. १३ मे रोजी).

महोदय,

मी खाली सही करणार फकिरा कडूबा दांडगे, वाहनचालक, राहणार मुकुंदवाडी. नोटिशीत मला तीन गोष्टी विचारल्या आहेत. गाडी रस्त्यात का उघडली, कंपनीचा नसलेला भाग का बसवला आणि जुना भाग भांडारात का जमा केला नाही. पहिल्या दोहोंचे उत्तर सोपे आहे. तिसऱ्याचे उत्तर सध्या अंड्यांवर बसले आहे. सबब जे घडले ते क्रमाने मांडतो.

१. सदर टँकर बहात्तरच्या दुष्काळात एका परदेशी संस्थेने प्रकल्पास भेट दिला. त्यास क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. त्यामुळे दुसरे चालक त्यावर बसायला राजी नसतात. डाव्या पायाला काम नसले की त्यांचा जीव घाबरा होतो. गाडीचे मीटर मैलांत असून आजमितीस तीन लाख अठ्ठावीस हजार मैल दाखवते. हे सगळे मैल मी चालवले आहेत.

२. दि. २८ एप्रिल रोजी पाणी घेऊन वैजापूर तालुक्यातील खारीवस्तीवर गेलो असता उतारावरचा दगड गाडीच्या पोटाला लागला. गिअरबॉक्सच्या तळाला तेल धरणारे पत्र्याचे चेंबर असते, दिसायला उथळ परातीसारखे. त्याचा कोपरा फाटून तेल ओघळू लागले. एक्सलरेटर दाबला की इंजिन नुसते ओरडे, गाडी जागची हलेना. ती थांबली ती वच्छलाबाई बनकर यांच्या अंगणासमोर. जॅक लावायचा तर टाकी रिकामी हवी, म्हणून वस्तीवरच्या बत्तीस घरांनी पाणी भरून घेतले. त्या दिवशी लोकांचे पाणी चुकले नाही, हे नम्रपणे नोंदवतो. गाडी कार्यालयात आणून का उघडली नाही, याचे उत्तर असे की ती येत नव्हती.

३. दुसऱ्या दिवशी मी शहरातून मुख्तार मिस्त्री यांना एस.टी.ने घेऊन गेलो. अशा गिअरबॉक्सवर हात बसलेला माणूस मला दुसरा ठाऊक नाही. या चेंबराला तेल सोडायचे बूच नसते. एका बाजूचे बोल्ट ढिले करून ते तिरपे करावे लागते, मग तेल धारेने खाली घमेल्यात उतरते. मूळचे तांबडे तेल तपकिरी झाले होते व त्यास करपल्याचा वास होता. आतल्या लोहचुंबकावर लोखंडाचा चुरा मलमासारखा साचला होता. जुन्या गाडीचे तेल बदलल्यास गिअर जातो, असे भांडारातील एक परिपत्रक म्हणते. मी ते मिस्त्रींना सांगितले. त्यांनी चुरा बोटांत चोळून पाहिला. त्यात कण लागला नाही तेव्हा म्हणाले, "फकिराभाऊ, गिअर गेला नाही. तेल गेलंय." माझ्या छातीवरचा दगड उतरला. साहेब, ती गाडी गेली असती तर मला दुसरी चालवता आली नसती. माझाही डावा पाय पंधरा वर्षे रिकामा आहे.

४. ही गाडी बनवणारी कंपनी बंद झाली असून नवे चेंबर मिळत नाही. मिस्त्रींनी जुने चेंबर नमुन्यासाठी शहरात नेले, जाड पत्र्याचे तसेच दुसरे ठोकले, चौदा भोके जुळवली आणि दि. २ मे रोजी दोन्ही घेऊन परत आले. त्यांचा रोजा होता. भर उन्हात ते गाडीखाली उताणे पडून होते. वच्छलाबाईंनी गाडीच्या बाजूला ओले पोते टांगून दिले, तेवढीच सावली. तेल गाळायची नवी जाळी, नवे पॅकिंग, चुंबक पुसून परत, बोल्ट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळले. तेल आपल्या भांडारातलेच, शिलकी पिंपातले. गिअर टाकला आणि गाडीने नव्या नवरीसारखे हळूच पाऊल उचलले. त्या आनंदात जुने चेंबर अंगणात राहिले. ही माझी चूक आहे व ती मी कबूल करतो.

५. परत आल्यावर भांडारपाल श्री. बद्रीनाथ यांनी नियम दाखवला की निकामी भाग जमा झाल्याशिवाय नव्याची नोंद नाही आणि नोंदीशिवाय गाडीला फाटक नाही. मी एस.टी.ने जाऊन चेंबर आणतो म्हणालो. लेखी आदेशाशिवाय मुख्यालय सोडता येत नाही, असे कळले. जुना भाग का जमा केला नाही असे विचारणारी आपली नोटीस हाच तो आदेश, असे ठरले. ती टपालाने माझ्या घरी मुकुंदवाडीला गेली व तेथून परत फिरून आठवड्याने पोचली. त्या काळात मी रोज दहा ते सहा आपल्याच दारासमोरच्या बाकावर हजर होतो.

६. दि. १४ रोजी खारीवस्तीला गेलो. वच्छलाबाईंनी चेंबर राखेने व सोड्याने घासून लख्ख केले होते. त्यात भुसा, भुशावर अकरा अंडी व अंड्यांवर कोंबडी. ती दि. ५ पासून बसली आहे. फाल्गुनात रोग येऊन त्यांच्या चौदा कोंबड्या गेल्या, उरलेली ही एकच. अंडीही तिची पुरती नाहीत, काही शेजारणींनी दिलेली. मी दुसरी पाटी देऊ केली. त्या म्हणाल्या, मागच्या खेपेला टोपली बदलली तेव्हा ही उठली ती पुन्हा बसलीच नाही, सगळी अंडी वाया गेली.

मग मला सांगणे भाग पडले की हे चेंबर नेले नाही तर टँकर सुटणार नाही. वस्तीवर बारा दिवस टँकर नव्हता. बाया अडीच मैलांवरून पाणी आणत होत्या, त्यात वच्छलाबाई साठीच्या. त्यांनी कोंबडीपुढे चिमूटभर कणी टाकली. मग म्हणाल्या, "पाणी मी डोक्यावर आणीन. हिला आता उठवायची नाय."

माझा हात पुढे झाला नाही. आजूबाजूच्या बायांना विचारले, तर त्यांनीही तेच सांगितले आणि कागदावर अंगठे दिले.

७. तरी विनंती की, पिल्ले दि. २६ मे रोजी बाहेर पडतील, तोवर मुदत द्यावी व गाडी सोडावी. तारण म्हणून मी माझी सायकल भांडारात ठेवण्यास तयार आहे. श्री. बद्रीनाथ यांचे म्हणणे असे की सायकल हा गिअरबॉक्सचा भाग नाही. ते खरे आहे. मग वच्छलाबाईंचे अंगण अकरा दिवसांपुरते उपभांडार मानावे व कोंबडीस हंगामी रखवालदार. ती जागा सोडत नाही, याची मी हमी देतो. हेही नियमात बसत नसेल तर शिक्षा मला व्हावी, बत्तीस घरांना नको.

आपला नम्र व तूर्त बाकावर असलेला,
फकिरा कडूबा दांडगे
वाहनचालक
औरंगाबाद, दि. १५ मे १९८७

सोबत : नोटिशीची प्रत. मुख्तार मिस्त्री यांचा दाखला. वस्तीवरील अंगठ्यांचा कागद.

ता.क. (दि. १६ मे) : हा अर्ज काल आवकमध्ये दिला तेव्हा श्री. बद्रीनाथ यांनी तो वाचला व माझ्यावर भरवसा न ठेवता स्वतः वैजापूरच्या गाडीने खारीवस्तीस गेले. आज सकाळी आले ते थेट भांडारात गेले. भांडाराच्या वहीत त्यांनी स्वहस्ते शेरा लिहिला आहे, तो जसाच्या तसा उतरवतो : "वस्तू समक्ष पाहिली. नियम निकामी भागास लागू आहे. सदर वस्तू निकामी नसून वापरात आहे. सबब जमा करून घेता येत नाही."

नव्या चेंबराची नोंद झाली असून टाकी भरली आहे. या गिअरबॉक्सचे तेल इंजिन चालू ठेवूनच मोजावे लागते, म्हणून मी ती आपल्या खिडकीखाली चालू ठेवली आहे. फाटकाच्या पासावर तेवढी आपली सही राहिली आहे.