सहावीचा कॉम्प्युटरचा तास

५ फेब्रुवारी
आज शाळेत बारा लॅपटॉप आले. ओरुरो शहरातून ट्रकने, खोक्याखोक्यावर सरकारी शिक्का. आमच्या डायरेक्टर डोन्या निएवेस यांनी शिक्षकांना विचारलं, हे कोण सांभाळणार? सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. शाळेत एक तरी जबाबदार माणूस हवा. शिवाय ओरुरोच्या ट्रेनिंगला मीच गेलो होतो. मागच्या बाकावर होतो, पडदा नीट दिसला नाही, पण गाभा पकडला. कॉम्प्युटर जबाबदारीने वापरावा, हा गाभा.

सहावीत नऊ मुलं आहेत. वर्ष संपलं की ती ओरुरोच्या हायस्कूलला जाणार, आणि तिथे सगळं कॉम्प्युटरवर. त्यांना शब्द दिला: असं तयार करीन की शहरातली पोरं तोंडात बोटं घालतील. सोमवारपासून तास.

१० फेब्रुवारी, सोमवार
तास झाला नाही. आधी नियम हवेत, नाहीतर माकडाच्या हाती कोलीत. दिवसभर बसून अकरा नियम काढले. हात धुतलेले असावेत. खोलीत खाणं नाही. यंत्राजवळ पाण्याचा थेंब नाही.

निल्दा नावाची एक मुलगी आहे, तिला प्रश्नांची खाज. दुसऱ्याच दिवशी म्हणायला आली, प्रोफे, नियम पाठ झाले, आता चालू करायचे का? (हे ११ तारखेचं, पण इथेच लिहितो.) म्हटलं, बाई, पाठ होणं वेगळं, अंगात मुरणं वेगळं.

४ मार्च, कार्निव्हलचा मंगळवार
आज चाल्या. घर, गाडी, दुकान, ज्याच्यावर पोट चालतं त्याच्यावर बिअर शिंपडायची, पहिला घोट पाचामामाला, म्हणजे धरणीमायला. सकाळीच मुलांच्या आया शाळेत हजर, पुढे निल्दाची आई डोन्या फोर्तुनाता. नव्या वस्तूला धर्मपिता लागतो; लॅपटॉपना ना धर्मपिता ना चाल्या, त्यांना बरकत कुठून येणार, असं त्यांचं म्हणणं. मी नियम वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, नियम पाण्याचा आहे प्रोफे, ही बिअर आहे.

तोडगा काढला: चमच्याने, आणि तेही टेबलाच्या पायावर. धर्मपिता म्हणून बसवाले डॉन विल्फ्रेडो. चमच्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग डॉन विल्फ्रेडोंना भरून आलं आणि त्यांनी बाटली हलवली.

५ मार्च
लॅपटॉप अजून खोक्यातच होते म्हणून वाचले. दूरदृष्टी म्हणतात ती ही. पुठ्ठे वाळेपर्यंत तास नाही. जरा हायसं वाटलं. माल वाचल्याचं.

२२ एप्रिल
लॅपटॉप बाहेर काढून मांडले. धूळ बसू नये म्हणून आयांनी लोकरीची कव्हरं विणून दिली, प्रत्येकाला कानटोपीसारखी. खोली फार देखणी दिसते. मुलांना खिडकीतून दाखवली.

१६ मे
निल्दा म्हणते, निदान एकदा तुम्ही चालू करून दाखवा. मुलांनी असा हट्ट करावा, हे संस्कार कुठले? तरी शाळा सुटल्यावर एक उघडला. बटण दाबलं. पडद्यावर आलं: भाषा निवडा. यंत्राने माणसाला उलट प्रश्न विचारावा हे मला पटत नाही. चुकीची भाषा निवडली गेली तर सरकारी मालाचं काय? थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसलो. मग बंद केला. पुन्हा कव्हर घातलं.

डोन्या निएवेसना सांगितलं की यंत्रं थंडीला हळवी आहेत. त्या म्हणाल्या, आपणही आहोत, पण आपण येतो ना शाळेत?

४ ऑगस्ट
जुलैच्या थंडीची सुट्टी संपली. नवी पद्धत सुरू केली, आधी थिअरी. प्रत्येकाला पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला. मुलं तासभर त्याच्यावर बोटं आपटतात. निल्दा तर न बघता टाइप करते. काय टाइप केलं ते अर्थातच कळत नाही.

१७ सप्टेंबर
पत्र आलं. नोव्हेंबरात जिल्ह्याचा अधिकारी लॅपटॉप तपासायला येणार. बक्षीस असणारच. एकही ओरखडा नाही, अशी शाळा दुसरी कुठे सापडेल? प्रत्यक्ष तास अधिकारी येऊन गेल्यावर घेऊ. आत्ता कशाला विषाची परीक्षा?

१३ नोव्हेंबर
अधिकारी आला. तरुण पोरगा, पण माणसाची पारख असलेला. कव्हर काढून म्हणाला, वा, अगदी नवेकोरे. मी मान लववली. मग त्याने एकेक चालू करून काहीतरी बघितलं. अकरांचा वापर शून्य. बाराव्याचा सहा मिनिटं.

नदीपलीकडच्या शाळेत म्हणे तीन-तीन मुलं एकावर बसतात. हे बाराही तिकडे जाणार, आजच, आलाच आहे ट्रक तर. मी जबाबदारीवर बोलायला सुरुवात केली. डोन्या निएवेसनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि सही केली. सहावीची नऊ मुलं फाटकाशी उभी होती. कोणी रडलं नाही. डोन्या फोर्तुनाता ट्रकवाल्याला सांगत होत्या, कव्हरं काढू नका, पलीकडे थंडी जास्त आहे.

२८ नोव्हेंबर
सहावीचा निरोप समारंभ. भाषणात म्हटलं की तुमचा पाया पक्का झाला आहे. टाळ्या कमी पडल्या. सूप गार होत होतं, त्यामुळे असेल.

८ मार्च, रविवार
आज बाजारात निल्दा भेटली, ओरुरोहून आईला भेटायला आलेली. मीच दोघांसाठी गरम आपी, मक्याचं दाट पेय, घेतलं आणि विचारलं, काय मग, कॉम्प्युटर काय म्हणतो? तिने सांगितलं, हायस्कूलात पहिल्याच दिवशी विचारलं, ज्यांच्या शाळेत कॉम्प्युटर होते ते इकडे, नव्हते ते तिकडे. ती तिकडे उभी राहिली.

म्हटलं, खोटं का बोललीस? ग्लासात बघत म्हणाली, होते म्हटलं तर पुढचं विचारतील, मग येत का नाही. लाज वाटली, प्रोफे. कोणाची, ते मी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. आपी तसंच राहिलं.

आता तिला शनिवारच्या वर्गात घातलंय. चालू कसा करायचा इथपासून शिकवतात म्हणे. शहरातली मोठी माणसंही बसतात तिथे, भाजीवाल्या बायका, एक म्हातारा ड्रायव्हर. कोणी कोणाला हसत नाही. तुम्ही पण या ना, प्रोफे, असं म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर परवडला असता.

म्हटलं, शनिवारी मला वेळ नसतो. ती निघाली तेव्हा हाक मारून विचारलं, किती वाजता असतो तो वर्ग.