गप्प बसायचा गेम

चिरंजीव गुंड्या यास,

मावशीचे अनेक आशीर्वाद. त्यातले थोडे तुझ्या पाठीसाठी वेगळे काढून ठेव, कारण दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकून बसतोस असं तुझी आई सांगते. आम्ही सगळे खुशाल. माझा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो, तुझे काका हवा न बदलताही कुरकुरतात, त्यामुळे घरात शांतता अशी नाही. तू वेळेवर जेवतोस ना? राहू दे, उत्तर मला माहीत आहे.

तुझा गेम मिळाला, आणि सोबतचा निरोपही. शिक्षकांच्या संमेलनात गेम दाखवायचा आहे, तिथे पसंत पडला तर तो शाळाशाळांत जाईल, नाहीतर तुम्हा तिघा मित्रांची सगळी मेहनत पाण्यात. अडखळत बोलणाऱ्या माणसाचं काय होतं हे लोकांना कळावं म्हणून तुम्ही तो केलात, हे फार चांगलं केलंत. पण पुढे लिहितोस की तिथे उभा राहून मी बोलायला लागलो तर लोक घड्याळं बघतील, तेव्हा मावशी, माझ्याऐवजी तूच बोल. अरे, हे काय सांगणं झालं? बोलायला मी कधी नाही म्हटलंय? तुला दात आले नव्हते तेव्हापासून तुझ्या वतीने मीच बोलत आले आहे. तुझा निरोप अर्धा वाचून झाला तेव्हाच माझ्या भाषणाची सुरुवात तयार होती. (उरलेला अर्धा नंतर वाचला. त्यात तू आधी गेम स्वतः खेळून बघ आणि तू शिकवतेस त्या शाळेतल्यांनाही दे असं लिहिलं होतंस.)

तर खेळले. पहिल्या लेव्हलला मी दुकानदार. काउंटरपलीकडे एक मुलगा येतो, ‘मला स... स...’ म्हणतो आणि थांबतो. मी वाट पाहिली, माझ्या मते पुष्कळच पाहिली. मग वाटलं, फोन अडकला. हलवला, पदराने पुसला, बंद करून चालू केला, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “काकू, फोन ठणठणीत आहे. तो पोरगा बोलतोय, त्याला बोलू द्या की.” एवढं म्हणून तो स्वतःच खेळायला बसला. मागे गिऱ्हाइकं ताटकळली, मग तीही वाकून बघायला लागली, आणि मग सगळेच त्या मुलाला मदत करायला लागले. एकाला साबण हवा आहे असं वाटलं, एकाला सुई, एकाला रेडिओचे सेल. प्रत्येक जण हात लांब करून स्क्रीनवर बोट दाबायचा, मुलगा तोंड मिटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. शेवटी कंटाळून त्याने समोर दिसेल त्या डब्याकडे बोट दाखवलं, भलतीच वस्तू घेतली आणि खाली मान घालून निघून गेला. ‘तुम्ही हरलात’ असं आलं, ते आम्हा सगळ्यांना मिळून होतं.

तिथे स्टुलावर बसल्या बसल्या मला एक आठवलं. लहानपणी तुला दोऱ्याचं रीळ आणायला धाडलं की तू मेणबत्ती घेऊन यायचास. आम्ही तुला विसराळू म्हणायचो, आल्यागेल्याला हसून सांगायचो, आणि तूही हसायचास. मेणबत्त्या दुकानात पुढे ठेवलेल्या असत, नुसतं बोट दाखवलं तरी मिळत. रीळ मात्र मागायला लागे. वाईट वाटलं रे मला, फार वाईट वाटलं. (आणखीही वाटलं असतं, पण एका गिऱ्हाइकाला ते स्टूल हवं होतं.)

दुसऱ्या दिवशी गेम आमच्या स्टाफरूममध्ये नेला. दुसऱ्या लेव्हलला तोच मुलगा आपल्या दारात येतो, आठवतं ना? (तूच केलायस, आठवणारच.) आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, समोरच्याचं वाक्य नेहमी स्वतः पुरं करतात, त्याने शाळेचा वेळ वाचतो असं त्यांचं मत आहे. त्यांनी त्या मुलाला आधी चेंडू दिला. मग वाटी भरून साखर दिली. मग छत्री, वर्तमानपत्र, वर्गणी आणि शेवटी कुत्र्याचा पट्टासुद्धा दिला. प्रत्येक वेळी तो बिचारा मान हलवून पुन्हा ‘तु... तुमचा...’ पासून सुरू करायचा. स्क्रीनवर बाईंच्या घरात पाणी वाढत चाललं होतं, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, फक्त बाईंना दिसत नव्हतं. सोफा तरंगायला लागला तेव्हा त्यांनी त्याला पाणी हवंय का विचारलं. तुमचा नळ चालू राहिलाय, एवढंच त्या पोराला सांगायचं होतं! बाई तशाच उठल्या आणि शाळेचे सगळे नळ तपासून आल्या. (दोन चालू सापडले. म्हणजे गेमचा एक फायदा तर तिथल्या तिथे झाला.)

पीटीच्या सरांनी हात पाठीमागे बांधून खेळायचं ठरवलं, पण तोंडातल्या शिट्टीवर त्यांचा ताबा नव्हता, आणि तुझ्या गेमला आवाजही ऐकू येतो. गणिताच्या बाई हुशार, त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि वह्या तपासायला निघून गेल्या. परत येतात तो मुलाचं बोलणं निर्विघ्न पार पडलेलं. पण तुझा गेम त्यांच्याहून हुशार निघाला, तो काय म्हणाला असं त्याने लगेच विचारलं. आता गणिताच्या बाई तुझ्यावर रागावलेल्या आहेत, भेटलास तर सांभाळून. मी स्वतः किती वेळा बुडाले ते इथे लिहीत नाही. मात्र एक सूचना आहे: कोपऱ्यात एक बटण द्या, ‘पुढचं मला कळलं’ असं लिहिलेलं. माझ्यासारख्यांची मोठी सोय होईल.

सातवीच्या वर्गात नेला तेव्हा मात्र माझी पंचाईत झाली. पोरांनी तास संपायच्या आत दुकान आणि दार, दोन्ही लेव्हल पार केल्या. गाल हातावर टेकून स्वस्थ बघत बसली, मुलगा बोलून झाला की मगच बोट लावायची. तुम्हाला हे कसं जमतं विचारलं, तर पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, आम्ही रोज ऐकूनच तर घेतो.” वर्ग हसला, मीही हसले, आणि फळा पुसायला वळले. घरी तुझ्या काकांचंही तेच. पहिल्याच फटक्यात नळ बंद करून बसले, आणि वर म्हणतात की लग्न झाल्यापासून माझा सराव चालू आहे. त्यांना त्या दिवशी चहा उशिरा मिळाला, हा निव्वळ योगायोग.

असो. भाषण झकास झालं आहे. सुरुवातीला एक विनोद, मध्ये तुझं बालपण (रीळ आणि मेणबत्तीसकट), शेवटी डोळ्यांत पाणी. निळी साडी इस्त्रीला टाकली आहे. तू निर्धास्त राहा, पहिल्या रांगेत बस आणि टाळ्या वाजव.

तुझीच,
मावशी

ता. क. : पत्र पाकिटात घालायच्या आधी भाषण एकदा काकांना म्हणून दाखवलं. ते म्हणाले, उत्तम आहे, फक्त त्या गेममधल्या मुलाच्या जागी गुंड्या आहे, आणि तू साबण, सुई, सेल असं ओरडते आहेस. मी त्यांच्याशी बोलत नाहीये. (त्यांच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.)

ता. क. दुसरा : शेवटची लेव्हल राहिली होती, ती आत्ता खेळले. त्यात चित्र नाही, नुसता आवाज आहे. पहिल्याच शब्दाला ओळखला, तुझा आहे. कुणी मध्ये बोललं नाही तर तू किती छान बोलतोस रे! शेवटी तर चक्क विनोद करतोस, आणि तो माझ्या भाषणातल्या विनोदाहून चांगला आहे. मला माहीतच नव्हतं तू विनोदी आहेस. तुझं एवढं लांब बोलणं मी आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं, आणि संपल्यावर पुन्हा लावून ऐकलं.

ता. क. तिसरा, आणि हाच वाच, वरचं नाही वाचलंस तरी चालेल : संमेलनाच्या साहेबांकडे जाऊन आले. वक्त्यांमध्ये माझं नाव होतं, ते खोडून तुझं घालायला लावलं. ते म्हणाले, प्रत्येकाला वेळ ठरलेली आहे. मी त्यांना काही बोलले नाही, दारातल्या मुलाची लेव्हल लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांचाही सोफा तरंगला. आता तुला लागेल तेवढा वेळ आहे. माझं भाषण मी फाडलं. तुला नकोच असेल तर जबरदस्ती नाही, पण मग ‘नाही’ हे तुझं तूच सांग, मेसेज पाठवून नव्हे, फोन करून. मी ‘हॅलो’ म्हणेन आणि त्यापुढे तुझं संपेपर्यंत एक अक्षर बोलणार नाही. तुझ्या काकांना हे सांगितलं तर ते शेजारी खुर्ची टाकून बसले आहेत, त्यांना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे.