चार माणसांचं एक खातं

१४ मे

बँकेचं शटर अर्धंच वर. बाहेर भिंतीवर कागद चिकटवलेला आणि त्याच्यापुढं शंभर-दीडशे माणूस. वाचणारा एक, बाकी सगळे "काय लिवलंय, काय लिवलंय"! मी माणसं बाजूला सारली आणि स्वतः वाचलं. चौथीच शिकले, पण आकडा कळतो. एका नावाला दहा हजार. वरून हुकूम आलाय म्हणे.

आत जाऊन विचारलं — महिन्याला का?

"नाही मावशी. एकूण. सहा महिन्यांत एकूण दहा हजार. पुढचं पुढं बघू."

म्हटलं, माझे सात लाख साठ हजार हायेत रे त्यात!

"हो ना," म्हणाला.

हो ना! जसं काय मी त्याला आज ऊन फार आहे म्हणाले.

घरी कुणाला सांगितलं नाही. पुतणी रुचिताच्या शाळेच्या वहीची मागची पानं कोरी आहेत, त्यातच लिहिते.

१५ मे

तीन तास रांगेत. दहा हजार मिळाले. माझ्यापुढं फिरोजा, सुपारीवाली. तिचा नवरा मस्कतला. तिला चाळीस हजार मिळाले. कसे गं? तर म्हणे, "माझं एक खातं, नवऱ्याचं एक, दोन पोरांची दोन. आमच्या घरात कुणाचा कुणावर भरवसा न्हाय गोदू, म्हणून वाचलो!" सगळी रांग हसली. मी पण हसले. एसटीत बसले आणि पासबुकावरचं माझं एकटीचं नाव पुन्हा वाचलं.

आमच्या घरात उलटं. सासूपासूनचं असंच — मासळी होडीतून उतरली की ती बाईची. पुरुषानं दर्या बघायचा, बाईनं बाजार आणि पैसा. सासूनं मला सात वर्षं पारखलं, मग कमरेचा बटवा काढून हातात दिला. आजवर मी कुणापुढं हात पसरला नाही. घराचा पैसा माझ्या एकटीच्या नावावर. त्याचा तोरा होता मला. होताच.

तीन वर्षांमागं दीर धर्माजी दर्यात गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच्या भरपाईचे दोन लाख नव्वद हजार आले ते जाऊ अमिषाच्या नावावर, दुसऱ्या बँकेत. मीच म्हणाले, घर एक, चूल एक, दोन-दोन खाती कशाला? हाताला धरून नेली तिला. पैसे काढून माझ्या खात्यात टाकले. बिचारी एवढंच म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं, ताई."

मी म्हणाले तसं.

१९ मे

आज सांगितलं घरात. नवरा उभाच राहिला. "मग मशीनचं कसं?" होडीचं मशीन यंदा बदलायचंच होतं. जुनं गेल्या साली दोनदा मध्येच बंद पडलं, अजून एक हंगाम काढणार नाही. साडेतीन लाख. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आत बसायला पाहिजे.

मी म्हटलं, मिळतील. ओरडूनच म्हटलं. मला खोटं बोलायचं असलं की आवाज चढतो.

अमिषा बोंबील निवडत होती. मान वर केली नाही. रुचिता तिची पोर. बारावी झाली, अलिबागला नर्सिंगला नंबर लागलाय. जूनमध्ये पंचावन्न हजार भरायचे. त्यासाठीच तर तिच्या बापाचे पैसे ठेवले होते.

३ जून

होड्या वर ओढल्या. आता दोन महिने सुक्या मासळीवर. श्रीवर्धनच्या बाजारात गिऱ्हाईक चांगलं, पण जो तो मोबाईल पुढं करतो. माझं ते चौकोनी स्टिकर त्याच बँकेचं, बंद. म्हटलं रोकड दे. एक चष्मेवाली म्हणते, "मावशी, आजकाल रोकड कोण ठेवतं?"

तिला म्हटलं, शहाणे लोक ठेवतात. सुकट परत टोपलीत ओतली. जा!

११ जून

शिक्षणासाठी, दुखण्यासाठी जास्त काढता येतात असं कळलं. अर्ज लिहून घेतला, कॉलेजचा कागद जोडला. साहेबानं चष्म्यावरून बघितलं. "रुचिता धर्माजी. तुमच्या मिस्टरांचं नाव हिरामण. मुलगी कुणाची?"

म्हटलं दिराची. घरातलीच. माझ्याच हाताखाली वाढली.

"काकी चालत नाही. खातेदाराची मुलं लागतात."

पैसे तिच्या आईचे आहेत!

"मग ते आईच्या नावावर पाहिजे होते."

बाहेर येऊन पायरीवर बसले. रडले नाही. अर्ज घडी करून पिशवीत घातला.

१२ जून

पाटल्या गहाण टाकल्या. साठ हजार. रुचिताची फी भरली.

अमिषा म्हणाली, "पाटल्या कशाला ताई. माझे होते की."

होते!

२५ जून

बँकेनं पुन्हा बोलावलं. विम्याचा फॉर्म. एका नावाला पाच लाखांपर्यंत मिळणार. वरचे अडीच लाख? "बँक उभी राहिली तर." आणि न्हाय राहिली तर? साहेबानं सहीची जागा दाखवली.

सही करताना सहज म्हणाला, "दोन नावांवर असते तर सगळेच्या सगळे वाचले असते हो."

मला माहीत नव्हतं का ते? रांगेत फिरोजा हसली तेव्हाच कळलं होतं. पण हा माणूस तोंडावर बोलला. आणि अमिषा बाजूलाच उभी होती, माझी पिशवी धरून.

२६ जून

जेवले नाही.

६ जुलै

नवऱ्याशी भांडण. तो म्हणतो, "तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. घर एक, चूल एक — तूच म्हणतेस ना?" म्हटलं, अमिषा म्हणायला आली होती का माझ्याकडं? मी तिच्या हाताला धरून नेली. तिचे पुरे द्यायचे. पहिले द्यायचे.

"आणि होडी? बिनमशीनची काय वल्हवत नेऊ? पन्नाशी उलटली माझी."

वल्हव, म्हटलं.

नको ते बोलले. तो उठून बंदरावर गेला. होडीवर टाकलेलं प्लास्टिक नीट बांधत बसला. नीटच होतं ते.

१ ऑगस्ट

बंदी उठली. सगळ्या होड्या गेल्या. आमची वर. नवऱ्यानं आज बंदराकडचं दार उघडलं नाही.

१२ ऑगस्ट

पाच लाख आले. नव्या बँकेत. अमिषाला घेऊन गेले, तिचं खातं तिच्या नावावर उघडलं, दोन लाख नव्वद हजार त्यात टाकले. पासबुक तिच्याच हातात दिलं. ती म्हणाली, "ताई, थोडे तरी ठेवा, मशीनला..." म्हटलं गप बस. मग तीच रडायला लागली, तिथंच बँकेत, आणि वॉचमन विचारतो, "काय झालं, मिळाले नाहीत का?"

मिळाले रे बाबा. मिळाले म्हणूनच.

राहिले दोन लाख दहा हजार. त्यातून पाटल्या सोडवायच्या. मशीन होत नाही.

१८ ऑगस्ट

नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागला. बावीस वर्षं स्वतःच्या होडीचा नाखवा. मालक परेश म्हणून आहे, नवऱ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याला हा "शेठ" म्हणणार. जाताना माझ्याकडं बघितलं नाही, पण डबा घेतला.

पगार बँकेत जमा होतो म्हणून याचं पण खातं उघडलं. जन्मात पहिल्यांदा.

२९ ऑगस्ट

मासळी ट्रॉलरवरून सरळ मालकाच्या गाडीत. बाईच्या हातात काही येत नाही. आज लिलावात घ्यायला गेले तर भाव परवडेना. टोपली रिकामीच आणली. शेजारणीनं विचारलं, "काय गं, आज बाजार न्हाय?" म्हटलं पाय दुखतोय.

अमिषा रोज विचारते, ताई काय आणू, काय करू. तिनं चूल वेगळी केली नाही. केली असती तर बरं वाटलं असतं, असं कधी कधी वाटतं.

६ सप्टेंबर

पगार झाला. नवरा कार्डानं पैसे काढून आला, हात-पाय धुतले, माझ्याजवळ बसला. रागात नव्हता. किती दिवसांनी चांगल्या आवाजात बोलला.

"गोदू, बाजाराला किती देऊ?"

मी हात पुढं केला, म्हणाले, तीनशे.