एकोणतिसाचा पाढा

प्रिय शोभनाआत्या,

बाबांनी पाठवलेल्या फोटोत तू ओट्यापाशी शेंगा सोलत बसलेली दिसलीस, गळ्याभोवती माझा निळा स्कार्फ. बरं वाटलं. बाबांनी आणलेला पांढरा बोर्ड तुला नको झाला आणि तू माझी जुनी पाटी शोधून काढलीस, हेही कळलं. घशाच्या ऑपरेशननंतर फोनवर मी एकटीच बोलत राहते आणि मध्येच अडते, म्हणून लिहिते आहे.

ल्यूकनला सगळं ठीक आहे. माझी आयरिश घरमालकीण अजून विचारते की मी चौथीपर्यंत शाळेतच गेले नाही म्हणजे काय. दमा होता, आत्या घरी शिकवायची, असं सांगते. त्यावर ती ‘ग्रँड’ म्हणते, म्हणजे छान. इथे पाऊस पडला तरी ग्रँडच.

मी ज्या सिनेमाच्या ध्वनी विभागात मदतनीस आहे, त्याबद्दल तुला नीट सांगितलंच नव्हतं. आफ्रिकेतून माणसं पकडून, जहाजाच्या तळाशी कोंबून, अटलांटिकपलीकडे विकायला न्यायचे, त्यावर आहे. तिथल्या मळ्यांना लागणारं खारवलेलं मांस आणि लोणी इथल्या बंदरांतूनही जायचं. हे लोकांना माहीत असावं म्हणून नीव्ह हा सिनेमा करते आहे. ती आमची दिग्दर्शिका. चांगली बाई आहे, हे आधीच सांगते. जहाजाचा तळ शॅननच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये उभा केला होता. मी आत वाकून गेले तेव्हा लाकडाला ताज्या रंगाचा वास होता, तरी मला लगेच बाहेर यावंसं वाटलं.

आता गोंधळ काय झाला ते. कॉलेजात असताना मी ‘घरचे आवाज’ म्हणून एक रेकॉर्डिंग केलं होतं, आठवतं? तू पोळ्या लाटता लाटता एकोणतिसाचा पाढा म्हणत होतीस, तुझ्या त्या हेलात. सातावर येऊन थांबलीस, खोकलीस, आणि पुन्हा एकपासून सुरू केलंस. त्या खोकल्याचं खापर आपण फोडणीवर फोडलं होतं. ती फाइल आमच्या इथल्या कॉम्प्युटरवर होती. संकलकाने तळातल्या अंधाराच्या प्रसंगाखाली तात्पुरता आवाज हवा म्हणून तीच लावली. नीव्हला ती इतकी आवडली की आता तिला दुसरं काही नको. ती म्हणते, ही बाई जिथे थांबते तिथे मला रडू येतं. मी म्हटलं, अगं, तो पाढा आहे. ती म्हणाली, असू दे, कुणाला कळणार आहे? मी म्हटलं, आठ-नऊ कोटी माणसांना. ती हसली, तिला गंमत वाटली.

टुंडे नावाचा एकजण नास गावच्या इस्पितळात नर्स आहे. सिनेमात तो साखळीतल्या माणसांपैकी एक. त्याच्या घरी योरुबा ही पश्चिम आफ्रिकेतली भाषा बोलतात. श्वासांचे आवाज द्यायला आला तेव्हा त्याने तो प्रसंग पाहिला आणि मला विचारलं, ही मावशी काय म्हणतेय? मी सांगितलं. तो इतका हसला की खुर्चीवरून उठावं लागलं. त्याची आजीही म्हणे असेच पाढे घोकून घ्यायची, चुकलं की कान. मग पाणी प्यायला आणि म्हणाला, मग आमच्यातलं कुणी यात काहीच बोलत नाही का? मी हे नीव्हला सांगितलं. ती म्हणाली, ज्या बाईचा आवाज आहे तिची सही आली तर मी हाच ठेवणार.

बाबांना विचारलं तर ते लगेच म्हणाले, सिनेमात आपल्या शोभीचा आवाज, आणखी काय पाहिजे? पाठव कागद, मी सही आणतो. बाबा रडत होते बहुधा. का ते मला कळतं. घरात तुझा एवढा सलग आवाज दुसरा कुठेही नाही. तो मोठ्या पडद्यामागे कायमचा राहील, हे माझ्याही मनात आलं आणि बराच वेळ गेलं नाही.

तरी मला वाटतं, तिथे टुंडेच्या आजीसारख्या कुणाचा आवाज हवा. ‘आत्या नको म्हणते’ असं उत्तर मी लिहूनही ठेवलं होतं. मग पुसलं. उत्तर येत असलं तरी दुसऱ्याच्या पाटीवर लिहायचं नाही, हे तूच शिकवलंस. त्या जहाजातल्या माणसांना कुणी काही विचारलं नव्हतं, आणि इथे आम्ही सगळे तुला न विचारता तुझ्याबद्दल ठरवत बसलोय. आवाज तुझा आहे, आत्या. गेला तरी तुझाच. शुक्रवारी सिनेमाचा आवाज पक्का होईल. त्याआधी पाटीवर हो किंवा नाही लिही आणि बाबांना फोटो काढायला सांग. मी तो जसाच्या तसा नीव्हला दाखवेन. काहीही लिहिलंस तरी माझ्याजवळची फाइल माझ्याजवळ राहील, आणि सातावर तू थांबलीस की पुढचं मी म्हणेन.

तुझीच, एकोणतिसाला अजून बोटं मोजणारी,
रेवा